एक साल द्या मले

पुलगाव, १२ जून १९७८

धुरपता वयनीले गुलाबचा रामराम.

दादाले जाऊन महिना झाला. तेरवीच्या दिवशी घरात एवढी माणसं होती का तुमच्यासंग दोन शब्द बोलता नाई आले. बोललो असतो तरी रडूच आलं असतं. म्हणून आता लिहून राह्यलो.

वयनी, दादा देवळीच्या वाटेवर उन्हाची लू लागून पडला, तेव्हा मी अठी मालधक्क्यावर पोते वाहून राह्यलो होतो. तो गेल्याचं मले दुसऱ्या दिवशी समजलं. त्या दिवसापासून माया डोक्यात एकच घोकणं हाये. आता तुमी आन् माय, दोघीच. मायचे गुडघे गेले. तुमाले लेकरूबाळ नाई. एवढा कळप घेऊन बाईमाणसानं बरडाबरडानं फिरावं, हे मले पटत नाई. लोकं काय म्हणतीन ते सोडा, लांडगा काय म्हणन ते सांगा.

कळप बापानं केला, म्हणजे दोघा भावायचा. दादाच्या वाट्याच्या मालकीण आता तुमी. माया मनात असं हाये का कळप विकावा. हिंगणघाटचे प्रभाकरराव व्यापारी सगळाच्या सगळा घ्याले तयार हायेत. तुमी दोघी अठी या. खोली लहान हाये, पण सुलोचना म्हणते का जाऊबाई आल्या त मले बोलाले माणूस भेटन.

हो म्हणजा. पाऊस लागायच्या आधी उत्तर पाठवजा.

तुमचा देर,
गुलाब

*

खरांगणा, २ जुलै १९७८

गुलाब भाऊजींले धुरपताचा नमस्कार. सुलोचनाले आशीर्वाद.

तुमचं पत्र अल्लीपूरले गेलं होतं. आमी तठून निघून गेलतो. एका ट्रकवाल्यानं ते देवळीले आणलं आन् तठून बाजाराले आलेल्या माणसाच्या हातानं ते मले भेटलं. पावसाळाभर आमचा पत्ता बापूजी दुकानदार, खरांगणा, असा टाकजा. ते चांगले हायेत, पत्र डब्यात जपून ठेवतात.

भाऊजी, तुमी मायी काळजी करता, ते वाचून पदर ओला झाला. माहेरचं कोणी एवढं लिहीत नाई. पण म्या हो म्हणत नाई.

राग मानू नका. लग्न होऊन आली तवापासून म्या या मेंढ्यायच्या मागं चालून राह्यली. तुमचे दादा पुढं, म्या मागं. जी लंगडते, जी मागं राहते, जिले झाडाखाली वीण लागते, ते सगळ्या मायाच वाट्याच्या. पुढं चालणं तेवढं शिकाचं राह्यलं. तुमी मले एक साल द्या. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, तिन्ही एकदा मायी मी काढून पाहते. नाई जमलं त पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी प्रभाकररावले बोलवा, म्या स्वताच्या हातानं कळप हाकलून देईन.

एकटी नाई. प्रेमदासमामाचा कळप बाजूलेच हाये. खाली काळ्या जमिनीत चिखल झाला का मेंढ्यायचे खूर सडतात, म्हणून आमी सगळे वर आर्वीकडच्या मुरमाड बरडावर आलो. गवत नुकतंच फुटून राह्यलं. संध्याकाळी एकेकीचा पाय उचलून पाहा लागते. माया मांडीवर एवढे पाय आले असतीन का सुईणीच्याही आले नसतीन.

आत्याबाईले मात्र घेऊन जा. ओल्यात झोपून त्यायचे गुडघे आखडले. आर्वीच्या बसस्टँडवर या, म्या घेऊन येते. त्या नाई नाई म्हणतीन. जबरदस्तीनं न्या. मेंढ्यायशिवाय त्या कशा राहतीन, याचंच मले वाईट वाटते.

तुमची वयनी,
धुरपता

*

पुलगाव, ५ सप्टेंबर १९७८

वयनीले रामराम.

एक साल दिलं. प्रभाकररावले सांगतलं का पुढच्या सालापर्यंत थांबा. ते हसले. हसू द्या.

मायचं सांगतो. तुमी आर्वीच्या स्टँडवर बसच्या मागं पदर डोळ्याले लावून उभ्या होत्या. माय मात्र खिडकीतून हात काढून कंडक्टरले इचारत होती का पुलगावले नळाले दिवसभर पाणी राहते का. वयनी, ते मजेत हाये. सकाळी नळावर सगळ्यात आधी तिची बादली. आमच्या चाळीतल्या बाया तिले ‘मेंढीवाली आजी’ म्हणतात आन् लेकरायच्या खोकल्यावर औषध इचाराले येतात. शेजारच्या घरी रेडिओ हाये, तठी तिची बैठक. पोळ्याले तिनं पुरणपोळी खाल्ली आन् म्हणे, सुखी माणसाचा पोळा असा राहते होय.

सुलोचनाचं उलटं झालं. तिचं माहेर मेंढ्यावाल्याचंच. माय आल्यापासून दोघी बसून त्याच गोष्टी काढतात आन् सुलोचना मले म्हणते, मले एकदा जाऊबाईकडे पाठवा.

तुमचे खुरं कसे हायेत? मेंढ्यायचे म्हणतो.

गुलाब

*

देवळी, १४ नोव्हेंबर १९७८

गुलाब भाऊजींले नमस्कार.

आमी खाली उतरलो. देवळीच्या पुढं नदीवर मेंढ्या धुतल्या, दोन दिवस उन्हात वाळू देल्या, मंग कातरणी केली. कातरणारे गडी म्हणे, बाई, तुमी बाजूले बसा. म्या म्हनलं, बसते, पण काजळीले मीच धरीन, ते दुसऱ्याच्या हाताले चावते. काळी लोकर येगळी बांधली, भुरकी येगळी. घोंगड्यावाल्यानं हात फिरवून पाह्यला आन् म्हणे, लहानूच्या येळपेक्षा साफ हाये. मले त्याचा आनंद झाला आन् तुमच्या दादासाठी वाईटही वाटलं. दोन्ही एकाच येळी होते, हे मले माईत नव्हतं.

कातरल्यावर मेंढ्या कशा दिसतात, तुमाले आठवते? लाजल्यासारख्या. एकमेकीले ओळखत नाईत. पिल्लं त मायले सोडून भलतीकडेच तोंड लावतात. दिवसभर नुसता बेंबाटा.

भाऊजी, एक गोष्ट खरी सांगा. आत्याबाई मजेत हायेत हे तुमी माया समाधानासाठी लिहिलं ना? ज्या बाईनं सारा जन्म आभाळाखाली काढला, ते नळापाशी कशी रमन? त्यायले सांगजा का बांडी गाभण हाये, काजळी गाभण हाये, आन् जिचा कान कुत्र्यानं फाडला होता ते त एवढी फुगली का दोन होतीन. पौषात येतीन सगळ्या. तवा आमी अल्लीपूरच्या शिवारात राहू. रूपरावजी पाटलाच्या वावरात दरसालसारख्या मेंढ्या बसवू. कापूस येचून झाला का त्यायचा निरोप येते. रात्रभर मेंढ्या बसल्या का वावराले खत भेटते, आपल्याले जवारी भेटते.

तठी सगळे लोक मले चांगलं म्हणतात. बरं वाटते.

धुरपता

*

पुलगाव, १० डिसेंबर १९७८

वयनीले रामराम.

तुमचं पत्र मायले वाचून दाखवलं. ती हासून हासून खोकली. म्हणे लिही. म्हणून खाली तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

‘धुरपता, मले मेंढ्यायची आठवण येते, गुडघ्याले येत नाई. म्या आभाळाखाली राह्यली कारण माया डोक्यावर दुसरं काई नव्हतं. आता कौलं हायेत त कौलाखाली झोपते. तुले रान आवडते, मले नळ आवडते. तू मायी चिंता करून तोंड वाळवू नको. फाटक्या कानाचीले पह्यल्या दिवशी गूळ देजो.’

झालं ना समाधान?

प्रभाकरराव परवा स्टेशनवर भेटले, पुन्हा इचारत होते. तुमाले कळावं म्हणून लिहिलं, दुसरं काई नाई.

गुलाब

*

अल्लीपूर, १८ जानेवारी १९७९

(कार्ड)

गुलाब भाऊजींले नमस्कार. तुमचं पत्र भेटलं. अठी सगळं बरं हाये. इतक्यात अठी कोणी येऊ नका. सुलोचनालेही पाठवू नका. आत्याबाईले नमस्कार सांगजा.

धुरपता

*

पुलगाव, २७ जानेवारी १९७९

वयनीले रामराम.

तुमचं कार्ड आलं. येऊ नका, पाठवू नका. ठीक हाये. प्रभाकररावचं नाव काढलं म्हणून तुमाले राग आला, हे समजलं. पण वयनी, म्या एक साल देलं ते देलं. माया शब्दावर तुमचा भरोसा नसन त तसं साफ लिहाचं होतं. सुलोचनानं तुमच्यासाठी चिवड्याचा डबा बांधून ठेवला होता, तिचं तोंड पाहवलं नाई मले. तुमाले एवढंच

वयनी, एवढं लिहून झालं आन् माय बाजूले आली. म्हणे, काय लिहून राह्यला? कार्ड वाच. म्या वाचलं. म्हणे, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मंग ते म्हणे, ‘हे रागाचं पत्र नोहे रे बावा. पौष सरत आला आन् धुरपतानं एकाही मेंढीचं नाव नाई लिहिलं. वीण झाली का नाई, ते नाई लिहिलं. कळपावर काईतरी आलं. तू अठी रुसून काय बसला?’

मायं चुकलं, वयनी. वरचं खोडत नाई, तुमी वाचा. पण हे कागद तुमाले भेटन त्याच्याआधी मीच अल्लीपूरले पोचतो.

गुलाब

*

अल्लीपूर, ४ मार्च १९७९

गुलाब भाऊजींले धुरपताचा नमस्कार.

तुमी गेल्यावर तुमचं पत्र आलं. रूपरावजीच्या घरी पडून होतं. वाचलं आन् हासली. खोडलं नाई ते बरं केलं.

तुमी अठी होता तवा बोलाले येळच नव्हता. दिवसभर खड्डे, चुना, पाणी. संध्याकाळी दोघंही बसल्या जागी झोपत होतो. म्हणून जे सांगाचं राह्यलं ते आता लिहिते. तुमाले सगळं माईत असलं पाह्यजे.

संक्रांतीच्या आधी फाटक्या कानाचीनं चरणं सोडलं. नाक वाहे, डोळे लाल. म्या म्हनलं, थंडी असन. दुसऱ्या दिवशी तिच्या शेपटीखाली आन् काखेत, जठी लोकर नाई तठी, फोड दिसले. देवी होत्या. प्रेमदासमामानं लांबूनच पाह्यलं. त्यायचं तोंड पांढरं झालं. म्हणे, ‘पोरी, म्या आताच कळप हलवतो. अठी थांबलो त दोन्ही कळप जातीन.’ ते रडत गेले, भाऊजी. त्यायनं बरोबर केलं.

रूपरावजी बांधावर आले. म्हणे, ‘बाई, राग मानू नका. माया सालदाराच्या बकऱ्या हायेत, गावात लोकायच्या बकऱ्या हायेत. आज वावर खाली करा.’ त्यायच्या जागी म्या असती त म्याही हेच बोलली असती. म्या निघाली. पण जाऊ कोठी? आजारी मेंढी चालत नाई. नाल्याले पाणी नाई. ज्या विहिरीवर जावं तठून लोक हात हालवून लांबूनच परत पाठवत. कोणी वाईट बोललं नाई. सगळे भ्यालेले होते.

दुपारी एका लहानशा वावराच्या कडेले म्या खाली बसली. मेंढ्याही बसल्या. तठी विहीर होती, पण म्या मागतलं नाई. मागाची ताकदच नव्हती. विहिरीवरचा माणूस मोट थांबवून आला. ते चंद्रभानजी. म्हणे, ‘काय झालं, बाई?’ म्या म्हनलं, ‘देवी हायेत. आमी बसलो तेवढं बसू द्या, मंग जातो.’

ते म्हणे, ‘मायाजवळ बकरी नाई, मेंढी नाई. दोन बैल हायेत, बैलाले हे लागत नाई ना?’

म्या म्हनलं, ‘नाई लागत.’

‘मंग जाता काऊन? त्या कोपऱ्यात मायं पडीत हाये. आजारी तठी ठेवा, चांगल्या अठी. पाणी मी काढतो.’

त्यायनं बादली भरून पह्यले मायासमोर ठेवली. भाऊजी, आपल्या घरची जुनी माणसं त्यायच्या वस्तीतलं पाणी पीत नव्हती, हे तुमाले माईत हाये. म्या ओंजळ धरली आन् पोटभर पेली. तसं गोड पाणी म्या त्याच्याआधी पेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच सायकलवर हिंगणघाटले जाऊन ढोरायच्या डॉक्टरले घेऊन आले. चांगल्या होत्या त्यायले लस टोचली. विमलाबाई, त्यायची बायको, रोज गावातून गाईचं दूध मागून आणे. ज्यायची माय गेली ते पिल्लं आमी दोघी कापसाची वात दुधात बुडवून पाजत होतो. तुमी आले तवा त्या वातीवर जी पिल्लं जगलेली पाह्यली, त्यातली अर्धी विमलाबाईच्या हातची.

म्या तुमाले खोटं कार्ड टाकलं. तुमी आले असते त म्हनले असते, विका. आन् तवा म्या नाई म्हणू शकली नसती. पण तुमी आले आन् एक शब्द बोलले नाई. चंद्रभानजीच्या संग खड्डे खोदले. काजळीले मातीत ठेवताना तिचं डोकं तुमी हातावर घेतलं, आपटू देलं नाई. म्या पाह्यलं ते.

अर्धा कळप राह्यला. बांडी वाचली. आता लोकर कातरणं झालं, उन्हाळ्याची वाट धरतो. बाभळीच्या शेंगा चांगल्या हायेत, तेवढ्यावर या उभ्या राहतीन. साल सरत आलं. म्या शब्द देला होता. तुमी म्हणसान त प्रभाकररावले आणा, म्या आडवी येणार नाई. तुमचे उपकार फेडाले मायाजवळ दुसरं काई नाई.

धुरपता

*

पुलगाव, १९ जून १९७९

वयनीले रामराम.

उपकार हा शब्द पुन्हा लिहू नका. माय रागावली. म्हणे, घरातल्या घरात कायचे उपकार?

प्रभाकरराव आले होते. अर्धा कळप राह्यला, हे त्यायले बाजारात समजलंच होतं. खाटेवर बसले, चहा पेले. म्हणे, ‘आता त विकालेच लागन. रोगातून उठलेला कळप कोणी घेत नाई, मी घेतो.’

म्या म्हनलं, ‘रोगातून उठलेली मेंढी पुन्हा त्या रोगानं पडत नाई, हे तुमाले माईत हाये म्हणूनच घेता.’ ते हसले. मंग म्या म्हनलं, ‘आन् तसंही मले इचारून उपयोग नाई. कळप माया वयनीचा हाये.’

‘तुयाही हिस्सा हाये ना?’

मी बोलाच्या आधी माय कोपऱ्यातून बोलली, ‘होता. तो त्यानं खड्ड्यात ठेवला. जे उभं हाये ते धुरपताचं.’

वयनी, हे तिनं मले न इचारता सांगतलं, पण माया मनातलंच होतं. मी पोरगा होतो तवा मेंढ्यायच्या वासाले कंटाळून मालधक्क्यावर आलो. अल्लीपूरले खड्डा खोदताना तोच वास आला आन् मले बाप आठवला, दादा आठवला. तुमच्यामुळं ते दोघं एका जागी भेटले मले. तुमी कळप राखला म्हणून आमचं घर अजून रानात हाये. नाईतर फक्त ही खोली राह्यली असती.

मुदत वगैरे आता काई नाई. सुलोचनाले पाठवतो. विणीच्या टायमाले चार महिने ते तुमच्याजवळ राहीन. ते खूश हाये, माय खूश हाये. स्वयंपाक मात्र मले शिका लागन.

गुलाब

*

अल्लीपूर, ९ फेब्रुवारी १९८०

गुलाब भाऊजींले धुरपताचा नमस्कार. आत्याबाईले दंडवत.

सुलोचना बरी हाये. उन्हानं काळी झाली आन् आवाज मोठा झाला, तुमाले सांभाळून राहा लागन. औंदा विणीत एकही पिल्लू गेलं नाई. बांडीले जुळं झालं. कळप अजून पह्यल्याएवढा नाई, पण बांधावरून पाह्यलं त डोळा भरते.

आता कालपरवाची गोष्ट सांगते.

कापूस येचून झाला आन् ग्रामपंचायतीच्या ओट्यावर लोक जमले. कोणाच्या वावरात आधी मेंढ्या बसवाच्या, ते ठरवाले. दरसाल तुमचे दादा त्या ओट्यावर बसत आन् म्या खाली सामानाच्या घोड्याचा लगाम धरून उभी राहत होती. औंदाही म्या खालीच उभी राह्यली. सवयच ती. रूपरावजी म्हणे, ‘वर या बाई. कळप तुमचा, बोलणार तुमी.’ आन् त्यायनं सरकून जागा केली. म्या लगाम सुलोचनाच्या हातात देला आन् वर बसली.

रूपरावजी म्हणे, ‘दरसाल पह्यले माया वावरात राहते. औंदा माया हक्क नाई. तुमी सांगा.’ हे त्यायनं सगळ्यायसमोर म्हनलं. मोठं मन लागते त्याले.

म्या म्हनलं, ‘पह्यल्या रात्री चंद्रभानजीच्या वावरात.’

ते मागं उभे होते. दचकले. पुढं येऊन हळूच म्हणे, ‘बाई, मले नाई परवडत. कळप बसवाले मापानं जवारी द्या लागते. घरात खाण्यापुरतीच हाये. माया बापानं कधी मेंढ्या बसवल्या नाई, म्याही नाई.’

म्या म्हनलं, ‘माप मले मागच्या साली भेटलं.’

ते म्हणे, ‘कवा?’

त्यायले खरंच आठवलं नाई, भाऊजी. म्या सांगतलंही नाई. रूपरावजीले समजलं. ते म्हणे, ‘ठरलं मंग. पह्यल्या रात्री चंद्रभानकडे, दुसऱ्या रात्रीही चंद्रभानकडे. त्याचं वावर बरड हाये, एका रात्रीनं भागणार नाई. मंग मायं.’ कोणी नाई म्हनलं नाई.

दोन राती आमी तठी बसलो. विमलाबाईनं भाकरी आन् गरम पिठलं आणलं, सुलोचनाच्या संग चुलीपाशी बसली. दोघी एवढ्या हासत होत्या का कुत्रे भुकाले लागले.

आज सकाळी कळप उठवला. मेंढ्या निघून गेल्यावर वावर पाह्यलं, लेंड्यायनं काळंभोर झालं होतं. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत मुरूम दिसे नाई. चंद्रभानजी आले. बांधावर उभे राह्यले. मंग त्यायनं पायातल्या वाहणा काढल्या, हातात धरल्या आन् वावरात उतरले.

म्या म्हनलं, ‘अजी, वाहणा घाला, पाय भरतीन.’

ते म्हणे, ‘म्हणूनच काढल्या.’

तुमची वयनी,
धुरपता